डोलकाठीवरचे मालकाचे निशाण

श्रोतेहो, नमस्कार.

आषाढवारीत ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात, तेव्हा आपल्या रस्त्यांवरून पताकांची रांग सरकत असते. पताका सगळ्यांचीच भगवी असल्यामुळे चुकलेला वारकरी आपली दिंडी पताकेवरून ओळखू शकत नाही; ती रथापुढची की रथामागची, आणि कितव्या क्रमांकाची, असे विचारतच त्याला ती गाठावी लागते. व्यापारी जहाजांनी याच्या अगदी उलट व्यवस्था केली. तेथे प्रत्येक मालकाने आपले वेगळे निशाण शिवून घेतले आणि ते मुख्य डोलकाठीच्या शेंड्यावर चढवले. इंग्रजीत त्याला हाउस फ्लॅग म्हणतात. आपण मालकाचे निशाण म्हणू, कारण जहाज कोणाचे, या एकाच प्रश्नाचे ते उत्तर आहे.

जहाजाच्या मागच्या टोकाला जो झेंडा असतो, तो जहाज ज्या देशात नोंदलेले आहे त्या देशाचा. भारतीय व्यापारी जहाजावर हा मागचा झेंडा लाल असतो आणि तिरंगा त्याच्या कोपऱ्यात असतो, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. परक्या बंदरात शिरताना त्या देशाचा झेंडाही सौजन्य म्हणून लावला जातो. या सगळ्या कापडांतून मालकाचे नाव मात्र कळत नाही.

ते कळण्याची गरज किती होती, हे लिव्हरपूल बंदराच्या इतिहासात दिसते. शहरातील व्यापाऱ्यांना समुद्रावरून येणारी जहाजे दिसत नसत. पण मर्सी नदीच्या पलीकडे असलेल्या बिडस्टन टेकडीवरून ती दुरूनच दिसत. अठराव्या शतकात त्या टेकडीवर ध्वजस्तंभांची रांग उभी राहिली आणि पुढे त्यांची संख्या शंभराच्या आसपास गेली. जहाज दृष्टीस पडले की टेहळणी करणारा त्या जहाजाच्या मालकाचे निशाण ठरलेल्या खांबावर चढवी. पेढीवर बसलेला व्यापारी ते पाहून हमाल बोलावी, धक्क्यावर जागा मिळवी, आणि माल उतरण्यापूर्वीच गिऱ्हाईकही गाठी. म्हणजे हे निशाण शोभेचे नव्हते, ती बाजाराची बातमी होती. तेथल्या कुंभारांनी टेकडीवरच्या या खांबांची चित्रे मगांवरही उमटवली.

ओळख इतकी मोलाची ठरली की तिची नक्कलही झाली. न्यूयॉर्कच्या ब्लॅक बॉल लाइनने 1818 च्या जानेवारीत, जहाज भरो वा न भरो, ठरलेल्या दिवशी निघायचेच, असा शिरस्ता घालून लिव्हरपूलची फेरी सुरू केली. लाल निशाणावर काळा गोळा ही तिची खूण. पुढे 1852 च्या सुमारास लिव्हरपूलच्या जेम्स बेन्स यांनी ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या आपल्या जहाजांसाठी नाव घेतले तेही ब्लॅक बॉल, आणि निशाणही तसेच. मूळ कंपनीला काय वाटले असेल, याची कल्पना एकाच नावाची दोन दुकाने एकाच पेठेत पाहिलेल्या पुणेकराला सहज करता येईल.

रंगांमागे पुष्कळदा राजकारण असे. पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीचे निशाण तिरक्या रेषांनी चार भागांत विभागलेले आहे: पांढरा, निळा, तांबडा, पिवळा. 1830 च्या दशकात पोर्तुगाल आणि स्पेन या दोन्ही देशांत गादीवरून युद्धे चालू होती, आणि या कंपनीच्या संस्थापकांनी तेथल्या राण्यांच्या पक्षाला आपल्या जहाजांनिशी मदत केली होती. म्हणून निळा-पांढरा पोर्तुगालचा आणि तांबडा-पिवळा स्पेनचा. पोर्तुगालने 1910 च्या क्रांतीनंतर हिरवा-तांबडा झेंडा स्वीकारला. राजवटीने टाकलेले रंग कंपनीने मात्र सोडले नाहीत. कंपन्या एकत्र आल्या तरी निशाणांचा मान सांभाळला जाई. कुनार्ड आणि टायटॅनिकची मालक व्हाइट स्टार या दोन कंपन्या 1934 साली एक झाल्या, तेव्हा जहाजांवर दोन्ही निशाणे लागू लागली; जहाज मूळचे ज्या कंपनीचे, तिचे निशाण वर.

आता एका जहाजाची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो. 1891 साली ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ नावाची आगबोट पॅसिफिक महासागरात धावू लागली. ती कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची, म्हणून डोलकाठीवर पांढऱ्या आणि तांबड्या सहा चौकटींचे निशाण. पहिल्या महायुद्धाच्या काळात ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती विकत घेतली, ‘लॉयल्टी’ हे नाव दिले आणि जखमी सैनिकांसाठी तिचे रुग्णालय केले. युद्ध संपल्यावर सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांच्या भागीदारांनी ती घेऊन कंपनी काढली, आणि कंपनीला शिंद्यांचेच नाव ठेवले, इंग्रजी वळणाचे: सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. 5 एप्रिल 1919 रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली. 1964 पासून हाच दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. आपल्या जिल्ह्यातले इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर याच वालचंदांच्या नावाचे. त्या काळी हिंदी मालकीचे जहाजही कायद्याने ब्रिटिश जहाज ठरे, आणि मागे ब्रिटनचेच लाल निशाण लावावे लागे. मालकी कोणाची, हे सांगायला कापड उरले ते कंपनीच्या निशाणाचे. माझ्या मते त्या जहाजावरचा महत्त्वाचा झेंडा तो होता.

आज हा गुंता वेगळ्या रीतीने परत आला आहे. असंख्य जहाजे पनामा, लायबेरिया किंवा मार्शल बेटे येथे नोंदलेली असतात, मालक मात्र तिसऱ्याच देशात बसलेला असतो. मागचा झेंडा पाहून मालकाचा देश कळेल, ही आशा तेथेच संपते. मालकाचे निशाणही डोलकाठीवर आता क्वचितच दिसते; त्याची खूण धुराड्यावर रंगवली जाते आणि कंपनीचे नाव जहाजाच्या कुशीवर भल्यामोठ्या अक्षरांत लिहिले जाते.

यांपैकी एक खूण मात्र समुद्र नसलेल्या पुण्यातही रोज दिसते. डेन्मार्कचे कप्तान पीटर मर्स्क म्यूलर यांनी 1886 साली ‘लाउरा’ ही आगबोट घेतली आणि तिच्या धुराड्यावर निळ्या पट्ट्यात पांढरा तारा काढून घेतला. त्याच वर्षी पत्नीला लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्याचे कारण सांगितले आहे: तिच्या आजारपणात एका रात्री त्यांनी देवाकडे खूण मागितली होती, आणि त्या रात्रीची आठवण म्हणून हा तारा. मर्स्क या जहाज कंपनीच्या फिकट निळ्या निशाणावरही तोच सात टोकांचा तारा आहे. चाकण आणि तळेगावच्या कारखान्यांतून न्हावा-शेवा बंदराकडे निघालेले कंटेनर द्रुतगती मार्गावर उर्से टोलनाक्यापाशी रांगेत थांबतात, तेव्हा त्यांतल्या काही करड्या पत्र्यांवर तो पाहायला मिळतो. पुढच्या वेळी टोके मोजून पाहा.

नमस्कार.