कडीपाटाला नवी कडी

(बडोद्यातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, आजचा विषय घराच्या मजल्यात वापरायचं इंजिनिअर्ड लाकूड, म्हणजे कारखान्यात चिकटवून घडवलेलं लाकूड. समोर दांडिया बाजार, रावपुऱ्यातले वाडे पाहिलेली मंडळी आहेत, त्यामुळे कडीपाट म्हणजे लाकडी कड्या, त्यांवर पाट आणि वर माती-चुन्याचा थर, यापलीकडे समजावत बसत नाही. तांबेकर वाड्यात भित्तिचित्रं बघायला पुन्हा गेलात, तर मान वर करून छतही बघा, एवढंच.

कडीपाटाचं वजन मात्र आपण नेहमी विसरतो. चार इंच माती-चुन्याच्या थराचं वजन चौरस मीटरला साधारण १८० किलो, फरशी वेगळी. राहत्या खोलीत माणसं आणि सामान मिळून भारांचं भारतीय मानक आय.एस. ८७५ धरायला सांगतं २०० किलो. म्हणजे खोली रिकामी असली तरी कडीवर जवळपास भरल्या खोलीइतका भार असतोच. त्यात भिंतीतल्या टोकाला ओल लागते, टोक कुजतं, मजला खाली बसतो. मग सल्ला ठरलेला : पाडा आणि स्लॅब घाला! अहो, १२५ मिमीच्या स्लॅबचं वजन चौरस मीटरला ३०० किलोच्या वर जातं. विटा-मातीच्या जुन्या भिंतींवर ते चढवण्याआधी थांबा. कडी बदलता येते.

नव्या कड्या मुख्यतः दोन प्रकारच्या. एलव्हीएल म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे (व्हेनिअर) एकावर एक, तंतू एकाच दिशेने ठेवून चिकटवलेली भरीव कडी. तिचं भारतीय मानक आय.एस. १४६१६. दुसरी आय-जॉइस्ट : वर-खाली फ्लँज, म्हणजे लाकडी पट्ट्या, आणि मध्ये ओएसबीचं, म्हणजे लाकडाच्या चपट्या तुकड्यांच्या दाबून केलेल्या बोर्डाचं, जेमतेम १० मिमीचं उभं वेब. अमेरिकेत ट्रस जॉइस्ट कंपनीने ती १९६९ साली आणली. हलकी, सरळ, हवी तेवढी लांब.

आता भोकांबद्दल. इथे मी थोडा वेळ घेणार, कारण चांगल्या कड्यांची वाट लागते ती इथेच.

सागाची भरीव कडी पुष्कळ सोसते. सुताराने खाच मारली, वायरमनने भोक पाडलं, तरी आजूबाजूला लाकूड शिल्लक असतं. आय-जॉइस्टमध्ये जास्तीचं लाकूड ठेवलेलंच नसतं. कडी वाकते तेव्हा खालचा फ्लँज ताणला जातो, वरचा दाबला जातो. कातर, म्हणजे कडीला कापू पाहणारा जोर, टेकूपाशी सगळ्यात जास्त, आणि ती वेब घेतं. म्हणून फ्लँजला हात लावायचा नाही, एका सेंटिमीटरचीही खाच नको. आणि वेबमधलं मोठं भोक गाळ्याच्या, म्हणजे दोन टेकूंमधल्या अंतराच्या, मध्याकडे हवं, टेकूपासून लांब.

प्लंबर काय करतो? संडास भिंतीलगत, पाइप भिंतीलगत, म्हणून ११० मिमीचं भोकही भिंतीलगत, नेमकं टेकूपाशी. पाइप बसेना की खालचा फ्लँज अर्धा कापतो. त्याला दोष देऊ नका. त्याच्या हातात नकाशा कोणी दिलेला असतो का? कड्या मागवण्याआधी पाइपांच्या रेघा कागदावर आल्या पाहिजेत. उतार मीटरला २५ मिमी धरला, तर दोन मीटरमध्ये पाइप ५० मिमी खाली येतो, म्हणजे प्रत्येक कडीत भोकाची उंची वेगळी. ३०२ मिमीच्या कडीतून ३८ मिमीचे दोन फ्लँज वजा करा, वेब उरतं २२६, भोकं त्यातच बसवायची. शेजारच्या भोकापासून निदान मोठ्या भोकाच्या व्यासाच्या दुप्पट अंतर ठेवा. भोक शक्यतो गोल पाडा, चौकोनाच्या कोपऱ्यातून तडा जातो. कुठे किती मोठं चालेल, याचं कोष्टक निर्माता देतो. ते सुताराकडे असू द्या. सगळ्यात उत्तम म्हणजे पाइप कड्यांना समांतर, दोन कड्यांच्या मधून न्या. वायरिंगसाठी कारखान्यातच अर्धवट पाडलेली ३८ मिमीची भोकं असतात, ती वायरमनला आधी दाखवा.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. वाड्याचा भाग, ज्यासाठी तुम्ही आलात, तो आता भराभर सांगतो.

वाड्यात मी एलव्हीएलच घालीन, कारण भिंतीत ओल असते आणि ओएसबी कडांना फुगतं. चार मीटरचा गाळा, दर ४०० मिमीवर ४५ × २४० मिमीची कडी, स्थितिस्थापकता, म्हणजे लाकडाचा ताठपणा, १२,००० न्यूटन प्रति चौरस मिमी धरली, तर २०० किलोंच्या भाराखाली वाक ४ मिमीच्या जरा वर येतो. गाळ्याच्या ३६०व्या हिश्शाने ११ मिमी चालतात. मी ४८०वा हिस्सा मागतो, म्हणजे ८ मिमी. स्थितिस्थापकतेचा आकडा तुमच्या मालाच्या चाचणी-अहवालातून घ्या. मातीचा थर परत घालू नका. कायमच्या भाराचा वाक वर्षागणिक वाढतो.

टोक भिंतीत १०० मिमी टेकवा. खाली काँक्रीटचा ठोकळा, त्यावर ओलरोधक पट्टी. टोकाला आणि दोन्ही बाजूंना १२ मिमी हवा खेळू द्या, सिमेंटने गच्च भरू नका. माल वाळवीप्रतिबंधक प्रक्रिया केलेलाच घ्या आणि जिथे कापाल, तिथे औषध पुन्हा लावा.

वर १८ मिमीचा बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणारा, प्लाय चिकटवून स्क्रू मारा, कडेला १५० मिमीवर, मध्ये ३०० वर. नुसते स्क्रू मारले तर मजला करकरतो.

कोरड्या, नव्या मजल्यावर आय-जॉइस्ट जरूर वापरा, पण खालून उघडी ठेवू नका. पातळ वेब आगीत लवकर जातं. अमेरिकेची निवासी संहिता म्हणूनच खाली अर्धा इंच जिप्सम मागते. आणि आडवी बांधणी होईपर्यंत तिच्यावर कोणालाही चढू देऊ नका. सुटी आय-जॉइस्ट पायाखाली कलंडते.