पॅकेज मॅनेजरच कोलमडतो तेव्हा

आजचा विषय आहे पॅकेज मॅनेजर, म्हणजे लिनक्सवर सॉफ्टवेअरची पॅकेजेस बसवणारा-काढणारा प्रोग्रॅम, तोच मोडला तर काय करायचं. त्याकडे येतोच. पण 'अनमेट डिपेन्डन्सीज', म्हणजे पॅकेजला लागणारी दुसरी पॅकेजेस मिळत नाहीत, ही ओळ तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे, म्हणून आधी एका सल्ल्याबद्दल बोलतो. ‘फोर्स लाव, होऊन जाईल.’ हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. फोर्स लावून पॅकेज बसतं खरं, पण त्याला लागणारी लायब्ररी काही आपोआप येत नाही. मग ॲप्ट, म्हणजे डेबियन-उबुंटूचा पॅकेज मॅनेजर, पुढचं काहीही बसवायला नकार देतो. एक पॅकेज अडलं होतं, आता सगळीच अडली!

एका ऑफिसचा सर्व्हर सांगतो. रेड हॅट लिनक्सच्या सातव्या आवृत्तीच्या घराण्यातला. कुणाला तरी पायथन ३ हवं होतं. ते बसवलं, इथपर्यंत ठीक. मग ‘पायथन’ म्हटलं की तेच चालावं म्हणून त्यांनी सिस्टिमची लिंकच त्याच्याकडे वळवली. झालं, यम, म्हणजे तिथला पॅकेज मॅनेजर, बंद. यम लिहिलेला पायथन २ मध्ये. त्याच्या कोडमध्ये ‘एक्सेप्ट कीबोर्डइंटरप्ट, ई’ अशी ओळ आहे. तो स्वल्पविराम पायथन ३ ला चालत नाही, म्हणून सिंटॅक्स एरर. आता यम दुरुस्त करायला यमच चालवून पाहत होते लोक! शेवटी मशीन पुसून नव्याने उभं करायचं ठरत आलं होतं. एरर नीट वाचला, लिंक पुन्हा पायथन २ कडे नेली, यम चालू. बिघाड एवढाच होता. पुढे रेड हॅटने आठव्या आवृत्तीत, २०१९ मध्ये, सिस्टिमच्या कामासाठी ‘प्लॅटफॉर्म पायथन’ वेगळं काढून ठेवलं. फार शहाणपणाचा निर्णय. डिपेन्डन्सी आणून देणाऱ्या टूललाही स्वतःच्या डिपेन्डन्सी असतात, हे त्यात मान्य केलेलं आहे.

वेळ संपल्याची खूण होते आहे, तेव्हा डेबियन आणि उबुंटूचं भराभर सांगतो.

‘दुसरं काम चालू आहे, थांबा’ सांगणारी लॉक फाइल उडवू नका. ती कुठल्या प्रोसेसने धरली आहे ते पाहा, बहुतेकदा मागे अपडेट चालू असतो. मग डीपीकेजीला, म्हणजे ॲप्टच्या हाताखाली प्रत्यक्ष पॅकेज बसवणाऱ्या टूलला, अर्धवट राहिलेली सगळी पॅकेजेस कॉन्फिगर करायला सांगा, त्यानंतर ॲप्टचं फिक्स-ब्रोकन चालवा. ‘वाय’ दाबण्याआधी तो काय काय काढून टाकणार आहे ती यादी वाचा.

ॲप्टचीच लायब्ररी गायब असेल तर दुसऱ्या मशीनवरून त्याच आवृत्तीची, त्याच आर्किटेक्चरची डेब फाइल, म्हणजे पॅकेजची फाइल, आणून डीपीकेजीने बसवा. डीपीकेजीला ॲप्ट लागत नाही. डीपीकेजीही गेला असेल तरी घाबरू नका. डेब म्हणजे साधं एआर अर्काइव्ह, फाइलींचं गाठोडं; त्यातलं डेटा नावाचं टार, म्हणजे आतलं गाठोडं, दुसरीकडे उघडून फाइल जागेवर ठेवता येतात. डीपीकेजी चालू झाला की तेच पॅकेज रीतसर पुन्हा बसवा, नाहीतर काय काय बसलंय याची नोंद आणि डिस्क यांचा मेळ राहत नाही. ती नोंद म्हणजे स्टेटस ही साधी टेक्स्ट फाइल. ती खराब झाली तर शेजारीच स्टेटस-ओल्ड असते, आणि व्हार-बॅकअप्स फोल्डरमध्ये जुन्या प्रतीही असतात.

प्रश्न घ्या आता. एरर दाखवणार असाल तर पहिल्या ओळीपासून दाखवा, नुसती शेवटची नको.