सिरमचा रंग गुलाबी का झाला?

नमस्कार श्रोतेहो.

मी मुंबईत रक्त तपासण्याचं काम करते, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. एका दुपारी लालबागहून एक काकू पंचविशीतल्या मुलाला घेऊन आमच्याकडे आल्या. हातात दुसरीकडचा रिपोर्ट होता आणि त्यावर पोटॅशियम ६.९. ते साधारण साडेतीन ते पाचच्या दरम्यान असायला हवं. एवढं पोटॅशियम म्हणजे हृदय कधीही बंद पडेल, असं काकूंना कुणीतरी सांगितलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण मुलगा तर तीन जिने चढून आला होता, साधी धापही लागलेली नव्हती. ईसीजी काढला, व्यवस्थित. पुन्हा रक्त घेतलं, पोटॅशियम ४.२.

मी त्या लॅबला फोन करून एवढंच विचारलं, की सिरमचा रंग कसा होता? गोठलेलं रक्त यंत्रात फिरवलं की तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि वर जो द्रव राहतो, ते सिरम. ते गवती चहाच्या पाण्यासारखं फिकट पिवळं दिसायला हवं. त्या नळीतलं होतं गुलाबी, कोकम सरबतात पाणी जास्त झाल्यावर दिसतं तसं. बारीक सुईतून रक्त जोरात ओढलं, नळी खूप हलवली की तांबड्या पेशी फुटतात. त्यांचा रंग बाहेर येतो आणि रंगाबरोबर आतलं पोटॅशियमही. म्हणजे गळती नळीत झाली होती, मुलाच्या अंगात नव्हे.

आता पेशीत एवढं पोटॅशियम असतं तरी का? बाहेरच्यापेक्षा आत वीस-तीस पट जास्त असतं. सोडियमचं नेमकं उलट, बाहेर जास्त आणि आत कमी. या दोघांच्या मध्ये आहे पेशीचं पटल. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातले सात-आठ भाग एवढीच त्याची जाडी. ते स्निग्ध पदार्थांच्या दोन थरांचं असतं आणि त्यात प्रथिनं बसवलेली असतात. पातळ आहे, पण खमकं आहे. घरी बघायचं असेल तर बिटाच्या फोडी करा, आधी नळाखाली धुऊन घ्या. काही फोडी गार पाण्यात टाका, काही कढत पाण्यात. गार पाणी बराच वेळ फिकटच राहतं. कढत पाणी मात्र बघता बघता लालभडक होतं, कारण उष्णतेने पटलं मोडतात आणि रंग कोंडून ठेवणारं काही उरत नाही.

पण धडधाकट पटलसुद्धा थोडं झिरपतंच. सोडियम आत येत राहतं, पोटॅशियम बाहेर जात राहतं. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात जुन्या लाकडी होडीतलं पाणी डब्याने उपसताना तुम्ही पाहिलं असेल. पेशीत ते काम पटलातला एक पंप करतो. तीन सोडियम बाहेर टाकायचे, दोन पोटॅशियम आत घ्यायचे, पुन्हा तीन, पुन्हा दोन. डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी १९५७ साली खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करताना तो शोधला आणि त्यासाठी १९९७ साली त्यांना नोबेल मिळालं. तुम्ही आत्ता नुसते बसून मला ऐकताय ना, तरी शरीराच्या खर्चातला निदान पाचवा हिस्सा या उपशावर जातोय.

हृदयाच्या धमनीत गुठळी अडकली की उपसणाऱ्याचा शिधाच तुटतो. प्राणवायू नाही, म्हणून ऊर्जा नाही, म्हणून पंप थांबतो. सोडियम आत साठतं, त्याच्यामागून पाणी येतं आणि पेशी फुगते. बाहेर आतल्यापेक्षा हजारो पटींनी जास्त असलेलं कॅल्शियमही आत घुसतं आणि पेशीचीच विकरं, म्हणजे एन्झाइम्स, पटल कुरतडायला लागतात. शेवटी ट्रोपोनिन नावाचं स्नायूतलं प्रथिन रक्तात उतरतं आणि तेच आम्ही मोजतो. ते वर यायला काही तास लागतात, म्हणून डॉक्टर थोड्या वेळाने पुन्हा रक्त मागतात. कृपा करून त्यावर वाद घालू नका.

आता पुन्हा त्या गुलाबी नळीकडे येते. नीट काळजी घेऊन दुसऱ्यांदा रक्त घेतलं आणि सिरम तरीही गुलाबीच निघालं, तर आमच्या पोटात गोळा येतो. मग पेशी अंगातच फुटत असण्याची भीती असते, न जुळणारं रक्त चढवलं की होतं तसं. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे मांडलेला रक्तगट आपल्या शहराच्याच नावाने ओळखला जातो, बॉम्बे ग्रुप. या माणसांच्या तांबड्या पेशींवर एच नावाची खूण नसते. नेहमीच्या घाईच्या चाचणीत त्यांचा गट ‘ओ’ भासतो. पण ओ गटाच्या पेशींवर ती खूण भरपूर असते. असं रक्त त्यांना चढवलं, तर शरीरातली प्रतिपिंडं त्या परक्या पेशींना चिकटतात आणि रक्तातलीच काही प्रथिनं एकमेकांना धरून पटलात आरपार कडी बसवतात, बोअरिंगच्या पाइपसारखी. त्या भोकातून पाणी आत लोटतं आणि पेशी फुटते. रुग्णाला थंडी वाजते, कंबर दुखते, लघवी कोकमासारखी लाल होते, मूत्रपिंडं धोक्यात येतात. म्हणून रक्तपेढीत पेशींबरोबर सिरमचाही गट तपासतात, त्यातल्या प्रतिपिंडांवरून हा गट लक्षात येतो. ती दहा-पंधरा मिनिटं थांबायला नातेवाईक कुरकुरतात, मला त्यांची घाई समजते. तरी थांबा.

आणि एक गोष्ट पावसाळ्याची, इमारत कोसळते तेव्हाची. ढिगाऱ्याखाली पाय अडकलेला माणूस तासन् तास बोलत असतो, पाणी मागतो. मग स्लॅब उचलतात आणि काही वेळात तो जातो. लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा, १९४१ साली, बायवॉटर्स आणि बील यांनी अशा रुग्णांची नोंद केली. चेपलेल्या स्नायूंची पटलं फाटलेली असतात, पण दाबामुळे रक्त तिथवर फारसं फिरत नाही आणि सांडलेलं जागच्या जागी साचून राहतं. दाब निघाला की पोटॅशियम एकदम हृदयाकडे धावतं. स्नायूंतलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन मूत्रपिंडांत जाऊन बसतं. शरीरातलं जवळजवळ सगळं पोटॅशियम पेशींच्या आतच असतं, त्यामुळे एका मांडीतलं सांडलं तरी ते पुरेसं होतं. त्या माणसाचं ६.९ खरं असतं.

म्हणून शक्य असेल तेव्हा डॉक्टर स्लॅब उचलायच्या आधीच ढिगाऱ्यात शिरून त्याच्या हाताला सलाईन लावतात. बाहेर जमलेले लोक ओरडत असतात, अहो, आधी बाहेर काढा त्याला! टॉर्चच्या उजेडात शीर शोधणारा तो डॉक्टर मात्र बाटली सुरू झाल्याशिवाय हात वर करून इशारा देत नाही.

नमस्कार.