तांदळातलं नाव आणि तीन हजार रुपये

सकाळचे साडेनऊ, तारीख ९. पुण्यात पेठेतलं महापालिकेचं एक प्रसूतिगृह. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची फुकट तपासणी असते, २०१६ पासून देशभर चालूये हे, त्यामुळे आज बाकावर बसायला जागा नाही आणि ज्या उशिरा आल्या त्या भिंतीला टेकून उभ्यात.

जनता वसाहतीतनं आलेल्या या ताईंच्या मांडीवरची पिशवी बघा. साडीच्या दुकानाची कॅरीबॅग, आणि आत आख्खा संसार. आधार, पासबुक, रेशनकार्ड, माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचा रिपोर्ट, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. पहिलटकरीण आहे, सातवा चालूये, आणि चौथ्या महिन्यात भरलेला सरकारी मदतीचा फॉर्म अजून अडकलेला.

अडकलाय कशात, तर नावात.

लग्नात ताटातल्या तांदळावर नवऱ्याने अंगठीने नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले आणि दोन मिनिटांत मुलगी वेगळ्याच नावाची झाली. आता पासबुकावर माहेरचं नाव, मधे वडील. आधारवर सासरचं, मधे नवरा. रेशनकार्डात तर ती अजून शिरलेलीच नाहीये. मग कम्प्युटरला प्रश्न पडतो की बाई एक का तीन.

योजना वाईट नाहीये हं, ते आधीच सांगतो. प्रधानमंत्री मातृवंदना योजना, २०१७ ची, पहिल्या बाळाला ५,००० रुपये. नाव नोंदवून एक तपासणी झाली की ३,००० आणि बाळ झाल्यावर, पहिल्या लसी टोचल्यावर २,०००. दुसरं बाळ मुलगी असेल तर ६,०००. पैसे थेट खात्यात, मधे खाणारा कोणी नाही, आणि हे खरंच मोठं काम झालंय. फक्त खाणारा गेला आणि त्याच्या जागी स्पेलिंग येऊन बसलं.

त्याच्या आधीची जननी सुरक्षा योजना, २००५ ची. दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या बायकांना, शहरात दवाखान्यात बाळंत झालं की ६०० रुपये. तेव्हा ६००, आजही ६००. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांचं सोडा, त्यात आता किलोभर साजूक तूप येत नाही.

पण एक गोष्ट आहे जी मला मनापासून पटते, २०११ चा जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम. यात बाईच्या हातात पैसे देतच नाहीत. सरकारी दवाखान्यात ती आली की बाळंतपण फुकट, सिझर फुकट, औषधं, रक्त, तपासण्या, नॉर्मल असेल तर तीन दिवस जेवण आणि सिझर असेल तर सात दिवस, घरी सोडायला गाडीसुद्धा. हा सगळा खर्च केंद्र आणि महाराष्ट्र मिळून ६०-४० असा उचलतात. बाई भोरची का पुण्याची, माहेरी आली का सासरी, हे कोणी विचारायचं नाही, आणि आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी असतं हे बघता तेच बरंय.

कागदांवरनं आठवलं, गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यात सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायद्यात कुठेच नाहीये, तरी लोक मागतात.

आणि याच शहरात १८६३ साली जोतिबा आणि सावित्रीबाईंनी फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं तेव्हा पदरचे पैसे घातले होते, गुपचूप या, बाळंत व्हा, असं सांगून. नाव न विचारता.

परत बाकाकडे येऊ. ताईंच्या शेजारी ज्या वाकून पासबुक वाचतायत त्या आशाताई, म्हणजे वस्तीतल्या आरोग्य स्वयंसेविका. एका एका अक्षरावर बोट ठेवून. यांना पगार नाही, थोडं मानधन आणि बाकी कामागणिक मोबदला, जननी सुरक्षेच्या एका शहरी केसमागे ४०० रुपये. नाव दुरुस्त करायला आधार केंद्रात बरोबर जायचं, तिथे उभं राहायचं, याचा मोबदला कुठल्याच रकान्यात नाही. तरी त्या गेल्या. दोनदा.

तीन आठवड्यांनी आम्ही परत गेलो तेव्हा मेसेज आला होता. ३,००० जमा. ताईंनी मोबाईल दाखवला आणि मग जरा गप्प झाल्या, कारण पैसे ज्या खात्याला आधार जोडलेलं असतं तिकडेच जातात आणि ते निघालं शाळेतल्या स्कॉलरशिपचं, भोरच्या बँकेतलं, ज्याचं पासबुक आईच्या ट्रंकेत आहे.

"आता आठवा लागलाय, सासू सोडत नाही," त्या म्हणाल्या. "बाळ झालं की स्वारगेटवरनं एसटीने जाईन. बायकांना हाफ तिकीट आहे ना."