पत्र्याचा बिल्ला आणि रिकामी खुर्ची

[दृश्य: न्यायाधीशाचं दालन. उतरवलेला झेंडा.]

न्यायाधीश आवराआवर करतायत. झेंडा उतरवून त्याची घडी घातली. न्यायाचा तराजू काढला. कायद्याची पुस्तकं खोगिराच्या पिशवीत कोंबली. तोंडानं ग्रीसचा जुना इतिहास चालू आहे, हात मात्र थांबत नाहीत. 1952 सालचा 'हाय नून', दिग्दर्शक फ्रेड झिनेमान. याच न्यायाधीशांनी शिक्षा दिलेला खुनी फ्रँक मिलर सुटलाय आणि बाराच्या गाडीनं गावात येतोय. त्याच्या आत या गावाचं अख्खं कोर्ट घोड्यावर लादून निघूनही जातं.

वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या जुन्या पश्चिमेतले चित्रपट, बघताना आपलं लक्ष बंदुकीकडे असतं. पण बंदूक तिथे सगळ्यांकडेच असते, त्यामुळे तिच्यावरून न्यायाबद्दल फारसं कळत नाही. बघायचं ते बाकीच्या वस्तूंकडे. कुणी कुणाच्या हातात दिली, कुणी घ्यायला नकार दिला आणि शेवटी ती कुठे पडली.

[दृश्य: कोटावरचा बिल्ला, जवळून.]

गावात कायदा राखणारा अधिकारी, मार्शल विल केन. भूमिकेत गॅरी कूपर. लग्न लागतं आणि बिल्ला छातीवरून उतरतो, कारण नवा मार्शल दुसऱ्या दिवशी यायचाय. गाव सोडून निघालेला केन वाटेतून परत फिरतो आणि बिल्ला पुन्हा लावतो. डेप्युटी हार्वी रागारागानं स्वतःचा बिल्ला काढून ठेवतो. संधिवातानं हात आखडलेला म्हातारा माजी मार्शल विचारतो, मरायचं कशासाठी, या पत्र्याच्या ताऱ्यासाठी? ज्या कथेवरून हा चित्रपट निघाला, त्या जॉन कनिंगहॅमच्या 1947 च्या कथेचं नावच मुळी 'द टिन स्टार'. हातोहात फिरताना बिल्ल्याची किंमत उतरत जाते आणि लढाई संपल्यावर, गाव भोवती गोळा झालेलं असताना, केन तो धुळीत टाकतो. एक शब्द न बोलता.

वेस्टर्नचा गाजलेला नट जॉन वेन याला हा चित्रपट मुळीच आवडला नव्हता. 1971 च्या एका मुलाखतीत त्यानं सांगितलं की, कूपर शेवटी बिल्ला पायाखाली तुडवतो. पडद्यावर असं काही घडतच नाही, बिल्ला नुसता खाली पडतो. तुडवणारा पाय वेननं मनानंच जोडला. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स आणि वेन यांनी 1959 मध्ये उत्तरादाखल 'रिओ ब्राव्हो' काढला. त्यातला शेरीफ गावाकडे मदत मागतच नाही.

[दृश्य: रिकामी खुर्ची.]

आता ही खुर्ची बघा. शिक्षा ऐकताना मिलर हिच्यात बसला होता आणि परत येऊन केनला मारीन अशी धमकी त्यानं इथूनच दिली होती. न्यायाधीश ती आठवण करून देतात तेव्हा कॅमेरा रिकाम्या खुर्चीकडे सरकतो. पेरणी तिथे होते. बाराला काही क्षण असताना संगीताच्या ठेक्यावर तुकडे सुरू होतात : लंबक, चर्चमधले चेहरे, दारूच्या गुत्त्यातले चेहरे, रेल्वेचे रूळ. त्यात ही खुर्ची परत येते आणि गाडीची शिट्टी वाजते. या संकलनासाठी एल्मो विल्यम्स आणि हॅरी गर्स्टाड यांना ऑस्कर मिळालं. खुर्ची आधी पेरली नसती, तर इथे ती नुसतं फर्निचर ठरली असती. नकला करणाऱ्यांची चूक हीच होते. वस्तू एकदाच, ऐन शेवटी दाखवतात आणि मग पात्राकडून तिचा अर्थ वदवून घेतात.

[ध्वनी: खिशातल्या घड्याळाची धून, हळूहळू मंदावत.]

इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेनं 1965 च्या 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर'मध्ये न्यायाचं मापच घड्याळात ठेवलं. डाकू इंडिओ वाजणारं घड्याळ उघडतो : धून थांबली की गोळी झाडायची. ऐकायला नियम दोघांना सारखा. पण ही धून कुठे मंदावते, कुठे थांबते, हे इंडिओला पाठ आहे. समोरच्याला नाही. शेवटच्या गोल रिंगणात इंडिओच्या मागावर आलेल्या कर्नल मॉर्टिमरचं पिस्तूल जमिनीवर पडलंय. धून संपत येते आणि तेवढ्यात तीच धून दुसरीकडून सुरू होते. क्लिंट ईस्टवूड हातात तसंच दुसरं घड्याळ घेऊन उभा असतो. तो स्वतःचा कमरपट्टा मॉर्टिमरला देतो आणि बाजूला बसतो. कायदा जवळपासही नाही, पण तराजू आता समतोल झाला. एन्नियो मॉरिकोनेचं संगीत इथे घड्याळातूनच वाढत जातं, ते कान देऊन ऐका.

[दृश्य: फाटलेली पानं.]

जॉन फोर्डच्या 1962 च्या 'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स'मध्ये वस्तूंची अदलाबदल जास्त कडू आहे. सुरुवातीलाच गुंड व्हॅलन्स वकील स्टॉडर्डचं कायद्याचं पुस्तक फाडतो आणि त्याला चाबकानं बदडतो. पुढे रात्रीच्या झुंजीला वकील जातो तो खानावळीतला एप्रन बांधूनच. व्हॅलन्स पडतो, वकिलाचं नाव होतं, पुढे तो सिनेटर होतो. गोळी मात्र अंधाऱ्या बोळातून, गुरं पाळणाऱ्या टॉम डॉनिफनच्या रायफलची होती आणि ती रायफल त्याच्याकडे फेकली होती त्याच्या पदरच्या पॉम्पीनं.

डॉनिफन मरतो तेव्हा साध्या लाकडी पेटीत असतो. पायांत बूट नाहीत. स्टॉडर्ड म्हणतो, बूट घाला, कमरेला पट्टा आणि पिस्तूल बांधा. त्याला सांगतात, टॉमनं कित्येक वर्षांत पिस्तूल बाळगलंच नव्हतं. पेटीवर फुललेला निवडुंग ठेवलेला असतो. परतीच्या गाडीत सिनेटर बायकोला विचारतो, तो कुणी ठेवला? हॅली म्हणते, मी.