सालीवरचा सातबारा

(दृश्य: पावसाळी रान, कुऱ्हाडीचे घाव)

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, आर्नहेम लँडमधलं यिरकला. पावसाळ्यात इथल्या निलगिरीच्या झाडांत रस चढतो आणि साल अखंड सुटून येते. वर एक घाव, खाली एक घाव, मधे उभी चीर. बघा, कशी सोलून निघाली! बाहेरचा धागेदार थर तासायचा, साल विस्तवावर शेकायची, वजनाखाली दाबून सपाट करायची. चित्र काढायचं ते आतल्या गुळगुळीत अंगावर.

(दृश्य: दगडावर रंग उगाळणारे हात)

गेरू, पिवडी, काळा, पांढरी माती. पाणी घालून दगडावर उगाळत राहायचं. रंग धरून राहावा म्हणून पूर्वी ऑर्किडचा चीक मिसळत, आता सुतारकामाचा पांढरा गोंद. पण दुकानातला रंग सालीला लागत नाही. जमीन रंगवायची तर जमिनीतल्याच रंगांनी, हा इथल्या कलाकेंद्राचा दंडक.

हा कुंचला जवळून पाहा. काडीला बांधलेले माणसाचे मोजकेच लांब, सरळ केस. याला म्हणतात मारवात. केस रंगात भिजवायचे, सालीवर आडवे टेकवायचे आणि हलकेच ओढायचे. रेघेशेजारी रेघ, तिच्यावर तिरकी रेघ. हात जराही थरथरत नाही.

ही नक्षी मनाला येईल तशी काढलेली नाही. योलंगू म्हणजे इथले मूळ रहिवासी. त्यांच्या प्रत्येक कुळाची नक्षी वेगळी, ती त्या कुळाच्या ठरावीक पाणवठ्याची, खाडीची, खडकाची. ज्याचा हक्क नाही त्यानं ती काढायची नाही. हा त्यांचा सातबारा, आणि तो त्यांनी सरकारपुढे तसाच ठेवला.

(दृश्य: संसदेतले सालीवरचे अर्ज)

1963. यिरकलाभोवतीची तीनशेहून अधिक चौरस किलोमीटर जमीन बॉक्साइटच्या खाणीसाठी काढून घेतली गेली, योलंगूंना न विचारता. त्यांनी आपल्या भाषेत आणि इंग्रजीत अर्ज टंकले, सालीवर चिकटवले, भोवती कुळांची नक्षी रंगवली आणि कॅनबेराच्या संसदेत धाडले. खाण तरीही झाली. 1971 मध्ये ते कोर्टातही हरले. 1976 मध्ये जमीनहक्काचा कायदा आला.

(दृश्य: लाटांची नक्षी, अगदी जवळून)

1996 मध्ये गारांगाली या मगरीच्या पवित्र जागी, चोरट्या मच्छीमारांच्या तळावर, मगरीचं कापलेलं मुंडकं सापडलं. त्याला उत्तर म्हणून 47 योलंगू चित्रकारांनी समुद्राची आणि खाड्यांची 80 सालचित्रं रंगवली. खारं पाणीही कुणाचं तरी असतं, हे प्रत्येक कुळानं आपापल्या नक्षीत मांडलं. 2008 मध्ये, इथल्याच ब्लू मड बे या उपसागराच्या खटल्यात, देशाच्या सर्वोच्च कोर्टानं निकाल दिला: त्यांच्या जमिनीलगतच्या भरती-ओहोटीच्या पाण्यात मासेमारी करायची तर मूळ मालकांची परवानगी लागेल.