कथा दोनदा वाचावी

नमस्कार श्रोतेहो.

कथासंग्रह हाती आला की पहिल्या पानापासून सलग वाचून संपवायचा, ही सवय कथेला मारक ठरते. तिसऱ्या कथेपर्यंत पहिलीतली माणसं पुसट होतात. जी. ए. कुलकर्णींच्या बाबतीत तर हे हटकून होतं, एका कथेचा रंग दुसरीला लागतो. आणि त्यांची सुरुवात 'रमलखुणा'पासून करू नका. त्यात दोनच दीर्घकथा आहेत, दोन्ही रूपकाच्या वाटेनं जाणाऱ्या. आधी १९५९चा 'निळासावळा' घ्या.

एका बैठकीला एकच कथा. पहिल्यांदा न थांबता वाचा, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. अण्णा भाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं' बघा. खाण बंद पडते, भीमाची मजुरी जाते आणि तो मढ्यांच्या राखेत सोनं शोधू लागतो. दुसऱ्या वाचनात भीमाचे हात जिथं जिथं येतात, तिथं खूण करा. दगड फोडणारे हात, राख चाळणारे हात. मग शेवट इतका जिव्हारी का लागतो ते दिसतं. पहिल्या खेपेला हे निसटतं, कारण पुढं काय होणार या ओढीनं डोळे पळत असतात.

व्यंकटेश माडगूळकरांचं लेखन मात्र तुम्ही मोठ्यानं वाचा. 'माणदेशी माणसं'मधली वाक्यं छोटी आहेत. पूर्णविरामाला खरंच थांबा, नाहीतर बोलीचा ठेका मोडतो.

दि. बा. मोकाशींची 'आता आमोद सुनासि आले' पावसाळी संध्याकाळसाठी राखून ठेवा. मुलगा गमावलेला लोहार आणि अडलेली गाय, एवढाच ऐवज. सुमित्रा भावे यांचा 'दिठी' हा चित्रपट याच कथेवर आहे. तो आधी पाहिला असेल तर पडद्यावरचे चेहरे मध्ये येतील, म्हणून थोडे दिवस जाऊ द्या. कथेचं शीर्षक ज्ञानेश्वरांच्या अमृतानुभवाच्या नवव्या प्रकरणातल्या पहिल्या ओवीवरून आलंय: सुगंधच नाक झाला, आरसेच डोळे घेऊन उठले. अनुभवणारा आणि अनुभव वेगळे उरलेच नाहीत. ओवी आधी वाचली तर कथेचं कोडं होऊन बसतं. कथा वाचा, मग ओवी, मग पुन्हा गाय विते ती पानं. लोहाराचं दुःख तिथं कुठं जातं, हे मोकाशी शब्दांत सांगत नाहीत. त्याच्या हातांकडं बघा.